सेप्टचा परिसर, अहमदाबाद: उत्तरेचा उजेड, जाड भिंती आणि रात्रभर चालणारा स्टुडिओ

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची सहल अहमदाबादला गेली की नवरंगपुऱ्यातल्या सेप्ट विद्यापीठात थांबतेच. हे वास्तुकला आणि नियोजन शिकवणारं विद्यापीठ. प्रत्येकाच्या वहीत साधारण एकच स्केच उतरतं: विटांच्या समांतर भिंती, मधे दुमजली स्टुडिओ आणि वर उत्तरेकडे तोंड केलेला तिरका झरोका. पुढच्या सेमिस्टरला तेच स्केच कुठल्याही गावाच्या प्लॉटवर जातं आणि शेजारी बाण काढून ‘नॉर्थ लाइट’ लिहिलं जातं. हिशेब मात्र कुणी करत नाही. हा सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, अहमदाबादेत कशामुळे चालतो आणि कुठे अडतो, हे कळण्यासाठी सूर्याचे कोन, हवेचा झोत आणि भिंतीत साठणारी उष्णता हे तिन्ही आकड्यांत मांडावं लागतं.

हा परिसर रचणाऱ्या बाळकृष्ण दोशींचा जन्म १९२७ साली पुण्यात झाला. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिक्षण घेऊन ते पॅरिसला विख्यात वास्तुकार ल कॉर्बुझिएंच्या कार्यालयात गेले आणि त्यांचीच कामं पाहण्यासाठी अहमदाबादेत आले. वास्तुकला शाळा १९६२ मध्ये सुरू झाली, तिची इमारत १९६८ मध्ये उभी राहिली आणि बाकीचा परिसर त्यानंतरच्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाढला. उघड्या विटांच्या भारवाहक भिंती, त्यांवर काँक्रीटचे स्लॅब, स्टुडिओंची मोठी उघडीप उत्तरेला, दक्षिणेला खोल सावली आणि इमारतीखाली मोकळी ठेवलेली जागा एवढाच सगळा मसाला आहे. यंत्रं नाहीत.

पुढे ज्या स्टुडिओचा हिशेब मांडला आहे तो १२ मीटर लांब, १० मीटर खोल, ४० विद्यार्थ्यांचा, असा नमुना म्हणून धरला आहे. ती मूळ इमारतीची मापं नाहीत. तत्त्व मात्र त्याच सेक्शनचं आहे.

हवा कशी आहे

अहमदाबाद उष्ण-कोरड्या हवामानाच्या पट्ट्यात येतं. मे महिन्यात दुपारी पारा ४१-४२ अंशांवर असतो आणि पहाटे २६-२७ पर्यंत उतरतो. मे २०१० मधल्या लाटेत तो ४६.८ अंशांपर्यंत चढला होता. त्यानंतर २०१३ साली शहराने उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा केला. पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या काळात तापमान उतरतं, पण हवा दमट होते आणि वारा नैर्ऋत्येकडून येतो.

म्हणजे एकाच इमारतीला दोन उलट कामं करावी लागतात. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही आणि ऑगस्टमध्ये तीच हवा हवी तेवढी खेळवायची. ‘क्रॉस व्हेंटिलेशन’ हा शब्द वर्षभरासाठी एकच उत्तर म्हणून लिहिणाऱ्या आराखड्याची पहिली चूक इथेच होते.

आतलं किती तापमान चालेल, याचं भारतीय मोजमाप याच विद्यापीठातल्या इमारत-विज्ञान आणि ऊर्जा केंद्राच्या अभ्यासातून आलं. नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतीसाठी त्याचं सूत्र असं आहे: गेल्या काही दिवसांच्या बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणा आणि १२.८३ मिळवा. येणाऱ्या आकड्याच्या खाली-वर २.३८ अंशांत बहुतेकांना बरं वाटतं. मे महिन्यात सरासरी ३४ धरली तर ३१.२ येतात, म्हणजे आत ३३.६ अंशांपर्यंत चालतं. जानेवारीत सरासरी २० धरली तर मर्यादा साधारण २१.३ ते २६ अशी येते. उन्हाळ्यात आत २४ अंश ठेवायचे असं गृहीत धरलं की इमारतीचा सगळा विचार यंत्राभोवती फिरू लागतो. ३३ पर्यंत चालतं हे पटलं की भिंत, सावली आणि पंखा यांना काम मिळतं.

उत्तरेकडूनही ऊन येतं

अहमदाबादचा अक्षांश २३.०३ आहे आणि कर्कवृत्त २३.४४ वर. हा फरक नकाशावर नगण्य दिसतो, पण त्याचा परिणाम मोठा आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारीही सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. २१ जूनला तो उगवतो तोच पूर्वेपासून साडेपंचवीस अंश उत्तरेकडे सरकून, आणि मावळेपर्यंत उत्तरेचीच बाजू धरतो. मार्च ते सप्टेंबर या सहा महिन्यांत उत्तरेच्या काचेवर सकाळी आणि संध्याकाळी ऊन येतंच. उत्तरेचा उजेड सावलीचा असतो हा नियम युरोपातून आपल्या पुस्तकांत आला आहे.

इथे समांतर भिंती कामाला येतात. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या या भिंती काचेच्या पुढे आल्या की त्या आपोआप उभ्या पाकळ्यांचं काम करतात. किती पुढे याव्यात, याचा हिशेब सोपा आहे. २१ जूनला सौर वेळेनुसार (सूर्य सगळ्यात उंच असतो तेव्हा दुपारचे १२, असं धरून) सकाळी ८ वाजता सूर्य ३५ अंश उंचीवर आणि उत्तरेपासून ७७ अंश पूर्वेला असतो. दोन भिंतींमधलं अंतर ३ मीटर असेल, तर पूर्वेकडच्या भिंतीची सावली पूर्ण काचेवर पडायला ती ३ भागिले ७६.८ अंशांचा टॅन्जंट, म्हणजे सुमारे ७० सेंमी पुढे हवी. सकाळी ७ च्या उन्हासाठी ९२ सेंमी लागतात. अंतर ६ मीटर केलं तर हे आकडे दुप्पट होतात. भिंतींमधला गाळा मोठा घेऊन भिंत मात्र तेवढीच पुढे ठेवली की सकाळच्या पहिल्या तासांत कवडसे थेट टेबलावर पडतात.

इथे घड्याळाची एक चूक वारंवार होते. अहमदाबादची सौर दुपार जूनमध्ये घड्याळात सुमारे १२ वाजून ४१ मिनिटांनी येते, म्हणून सौर ५ म्हणजे घड्याळाचे पावणेसहा. सावलीची आकृती सौर वेळेवर काढायची आणि वर्गाचं वेळापत्रक घड्याळावर लावायचं, असं केलं तर संध्याकाळचा पाऊण तास हिशेबातून निसटतो.

तिरक्या झरोक्याची गोष्ट याहून नाजूक आहे, आणि नक्कल करणारे सगळ्यात जास्त इथेच फसतात. काच उभी असेल तर तिच्यावर दुपारचं ऊन फक्त जून अखेरच्या तीन आठवड्यांत, तेही चाटून जातं. तीच काच दिसायला छान म्हणून उभ्या रेषेपासून ३० अंश मागे झुकवली, की दक्षिणेकडून ६० अंशांपेक्षा उंच असलेला सूर्य तिला दिसू लागतो. अहमदाबादेत तो दुपारी मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्या उंचीवर असतो. तीन आठवड्यांचं ऊन सात महिन्यांचं झालं! कागदावर झरोका उत्तरेकडेच आहे, खाली बसणाऱ्याच्या डोक्यावर मात्र ऊन. काच उभी ठेवा, नाहीतर वरच्या कडेला छज्जा काढून दुपारच्या कोनावर तपासा. झरोक्याची तिरकी, बंद पाठ दक्षिणेकडे असते आणि ती सगळं ऊन झेलते, त्यामुळे उष्णतारोधक थर सगळ्यात आधी तिथे द्यावा. बहुतेक नकलांत ती नुसता १०० मिमीचा स्लॅब असते.

दक्षिणेची पडवी

दक्षिणेच्या भिंतीला मार्च ते सप्टेंबर सावली हवी असेल तर १.५ मीटर उंच खिडकीला ६४ सेंमीचा छज्जा पुरतो, कारण विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असताना, सूर्याचा दुपारचा कोन ६७ अंश असतो. पुस्तकी उत्तर इथे संपतं. पण ऑक्टोबर हीट कुणी मोजायची? २३ ऑक्टोबरला दुपारचा कोन साडेपंचावन्न अंशांवर येतो आणि त्याच खिडकीला १.०३ मीटर लागतात. एवढा छज्जा कुणी काढत नाही, आणि म्हणूनच पडवी. बीमचा तळ २.४ मीटरवर असेल तर डिसेंबरात, कोन ४३.५ असताना, दुपारचं ऊन पडवीत २.५ मीटर आत येतं. पडवी ३ मीटर खोल ठेवली तर हिवाळ्यातही दुपारचं ऊन भिंतीपर्यंत पोचत नाही, फरशीवर मात्र पसरतं आणि मुलं तिथे बसतात. विषुवदिनी ते एक मीटरभरच आत येतं.

सेप्टमध्ये इमारतीखालची मोकळी जागा, जिने आणि ओटे या सगळ्यांचं मोल मला स्टुडिओइतकंच वाटतं. बाहेरचं ४२ अंशांचं रण आणि आतली खोली यांच्यामधे डोळ्यांना आणि अंगाला सावरायला जागा मिळते. ज्युरी (परीक्षकांसमोर कामाची मांडणी), मॉडेलची जोडणी, गप्पा यांना बंद खोली लागतच नाही. बंद, गार करावं लागणारं क्षेत्रफळ कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. धोका असा की विद्यार्थीसंख्या वाढली की पहिली नवी भिंत इथेच उभी राहते, कारण छप्पर आणि फरशी तयार असते. मग मागच्या खोल्यांचा वारा बंद होतो आणि वर्षभरात तिथे एसी लागतो. विस्तार करायचाच तर नव्या ब्लॉकची जागा मूळ आराखड्यातच राखून ठेवायला हवी.

उजेड किती आणि कुठपर्यंत

बाजूच्या खिडकीचा उजेड तिच्या माथ्याच्या उंचीच्या दोन ते अडीच पट खोल जातो. २.१ मीटरच्या माथ्याला म्हणजे जेमतेम ५ मीटर. १० मीटर खोल स्टुडिओला माथा ४ ते ५ मीटरवर न्यावा लागतो. दुमजली उंचीचं खरं कारण हे आहे. भारतीय इमारत संहितेत आकाशाचा मूळ उजेड ८००० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) धरतात, त्यामुळे १ टक्का उजेड म्हणजे ८० लक्स. ड्रॉइंग बोर्डाला ७५० लक्स हवेत. ते सगळे आकाशातून आणायचे तर सव्वानऊ टक्क्यांहून जास्त उजेड लागेल, आणि तेवढी काच घातली तर खोली भट्टी होईल. शहाणपणाचा बेत असा: चार टक्क्यांच्या आसपास नैसर्गिक उजेडाने ३०० लक्स मिळवायचे आणि उरलेलं काम टेबलावरच्या दिव्याला द्यायचं.

बोर्ड जाऊन लॅपटॉप आल्यावर एक नवी अडचण उभी राहिली. उत्तरेकडे पाठ करून बसलं की आकाश पडद्यावर दिसतं, तोंड करून बसलं की डोळ्यांत येतं. टेबलं काचेला काटकोनात, म्हणजे विद्यार्थी पूर्व-पश्चिम बघतील अशी लावली की दोन्ही टळतं. फर्निचरचा आराखडा इंटिरिअरवाल्याकडे सोडून दिला तर हे कधीच होत नाही.

हवा वर कशी जाते

४० विद्यार्थी आणि ४० लॅपटॉप. माणसाची जाणवणारी उष्णता ७० वॅट आणि लॅपटॉपची ५० वॅट धरली तर खोलीत ४.८ किलोवॅट उष्णता तयार होते. बाहेरपेक्षा आत फक्त ३ अंश जास्त राहू द्यायचे असतील तर सेकंदाला १.३ घनमीटर हवा बदलायला हवी. वारा पडलेला असताना हे काम उंचीतल्या फरकावर होतं. खालची आणि वरची उघडीप ५ मीटर अंतरावर असेल तर दोन्हीकडे प्रत्येकी ३.२ चौरस मीटर खरोखर उघडणारं क्षेत्र लागतं. सरकत्या खिडकीचं अर्धंच क्षेत्र उघडतं आणि जाळी लावली की तेही घटतं. झरोक्यात दोन लहान झडपा ठेवून ‘स्टॅक इफेक्ट’चा (गरम हवा वर चढून बाहेर जाण्याचा) बाण काढणाऱ्या सेक्शनमध्ये लागणाऱ्या हवेच्या पाव हिस्साही जात नाही.

आणखी तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिलं म्हणजे पोटमाळा. दुमजली स्टुडिओत वरच्या पातळीवर बसणाऱ्यांचं डोकं जिथे येतं, तिथेच गरम हवा साठते. वरची उघडीप त्यांच्या डोक्याहून किमान मीटरभर उंच नसेल तर खालची मुलं मजेत आणि वरची घामाघूम असं होतं. दुसरं म्हणजे पंखे. साडेपाच मीटर उंच छताला पंखा टांगायचा तर पावणेतीन मीटरचा दांडा लागतो आणि तो झुलतो. पोटमाळ्याच्या स्लॅबखाली नेहमीचे पंखे आणि दुमजली भागात भिंतीवरचे पंखे, ही सोय विजेच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवी. तिसरं म्हणजे कागद. टेबलाच्या पातळीवरून वारा आला की शीट उडते आणि मुलं खिडकीच लावून टाकतात. मग ऑगस्टमध्ये सगळा हिशेब वाया. खालची उघडीप दोन भागांत करावी: बसलेल्याच्या पायांजवळ, ६० सेंमीच्या खाली, एक झडप आणि डोक्याच्या वर दुसरी. मधला पट्टा बंद काचेचा.

भिंतीची उष्णता आणि सबमिशनची रात्र

२३० मिमीच्या विटांच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला सात-आठ तास लागतात. कार्यालयाला हे वरदान असतं, कारण पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी ४-५ ला आदळलेलं ऊन आत येईपर्यंत माणसं घरी गेलेली असतात. वास्तुकला महाविद्यालयात तसं नसतं. रात्री बारा वाजता स्टुडिओ गच्च भरलेला असतो, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तर पहाटेपर्यंत. जाड भिंत नेमकी तेव्हाच उष्णता बाहेर टाकू लागते. वास्तुकलेचा स्टुडिओ ही रात्रीची इमारत आहे, हे हवामानाचा विचार करताना सहसा विसरलं जातं.

उपाय भिंत पातळ करण्यात नाही. पश्चिमेची भिंत स्टुडिओला द्यायचीच नाही. तिथे जिना, स्वच्छतागृह, मॉडेलचं गोदाम घालायचं, म्हणजे ऊन खाणारी भिंत आणि बसणारी माणसं यांच्यात दुसरी भिंत येते. पश्चिमेला कडुनिंबाची दाट रांग असेल तर फारच उत्तम, कारण तिथे सूर्य इतका खाली असतो की कुठलाही छज्जा उपयोगाचा नाही.

उरलेलं वजन, म्हणजे मधल्या भिंती आणि छताचा तळ, रात्री थंड करून घ्यायचं. २०० चौरस मीटर उघड्या विटेचा वरचा ५ सेंमी थर रात्रीच्या हवेने ४ अंशांनी उतरला, तर त्यात सुमारे १६ किलोवॅट-तास गारवा साठतो. भरलेल्या स्टुडिओची ही सव्वातीन तासांहून थोडी जास्त उष्णता झाली. याच भिंतींवर पिन-अपसाठी, म्हणजे शीट टाचून दाखवण्यासाठी, सॉफ्टबोर्ड ठोकले, की हा साठा बोर्डामागे अडकतो. ४० जणांचा स्टुडिओ म्हटलं की पिन-अप हवंच, म्हणून बोर्ड पूर्ण भिंतभर न लावता डोळ्यांच्या पातळीवरचा १.२ मीटरचा पट्टा द्यावा आणि वरची भिंत उघडी सोडावी. छताच्या तळाला फॉल्स सीलिंग तर नकोच.

धाबं

जूनमध्ये सगळ्यात जास्त ऊन आडव्या पृष्ठभागावर पडतं. चौरस मीटरला ९५० वॅटच्या उन्हात उघड्या काँक्रीटच्या आणि पांढऱ्या चायना मोझेकच्या धाब्यात, स्लॅबला जाणवणाऱ्या तापमानाचा फरक ढोबळ हिशेबाने १५ अंशांच्या आसपास येतो. ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्यावर पांढऱ्या टाइलचे तुकडे, सांध्यात पांढरं सिमेंट आणि कठड्याला गोल वाटा, हे काम इथले गवंडी डोळे मिटून करतात. पण उन्हाळ्याच्या धुळीने परावर्तन ६५ टक्क्यांवरून ५० वर आलं की त्यातले साडेसहा अंश गेले. मार्च, एप्रिल आणि मेमध्ये दर महिन्याला एकदा धाबं धुण्याची तरतूद देखभालीच्या यादीत लिहून ठेवावी. नळ आणि धाब्यावर जायचा सरळ जिना नसेल तर ते कधीच धुतलं जात नाही.

पावसाचा निचरा हिशेबात घ्यावाच लागतो. ताशी १०० मिमीच्या सरीला १०० मिमी व्यासाचा एक नळ साधारण ८५ चौरस मीटर धाबं सांभाळतो. झरोक्यांच्या रांगा असलेल्या धाब्यात दोन झरोक्यांमधे दरी तयार होते आणि पाणी काचेच्या तळाशी जमतं. तिथे काचेची चौकट धाब्याच्या तयार पातळीपासून किमान १५ सेंमी वर हवी आणि दरीला दोन्ही टोकांना उतार हवा. एकाच टोकाला नळ ठेवला आणि तो पानांनी तुंबला की पाणी थेट शीटवर.

नंतरच्या दोन इमारती

याच परिसरात २०१५ साली शून्य-ऊर्जा प्रयोगशाळेची छोटी इमारत झाली. तिच्या धाब्यावर सौर पॅनेल आहेत आणि स्लॅबमधून गार पाणी फिरवून खोली थंड करण्याची सोय आहे. ही पद्धत कोरड्या हवेत सुरेख चालते, पण पावसाळ्यात दवबिंदू २४-२५ अंशांवर गेला की त्याहून थंड छतावर पाणी सुटतं. म्हणून हवा आधी कोरडी करणारी वेगळी सोय लागते आणि त्या दिवसांत खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. उघड्या स्टुडिओला ती जशीच्या तशी लावता येत नाही.

राहुल मेहरोत्रांच्या कार्यालयाने रचलेलं लीलावती लालभाई ग्रंथालय २०१७ चं. त्याचा मोठा भाग जमिनीखाली आहे, त्यामुळे जुन्या इमारतींपुढे त्याची उंची दबूनच राहते. जमिनीवरच्या भागाला बाहेरून हलवता येणाऱ्या पट्ट्यांचं दुसरं आवरण आहे. पुस्तकांना स्थिर तापमान हवं आणि जमिनीत ते मिळतं. पश्चिमेचं ऊन कोनानुसार अडवायचं तर हलती पट्टीच लागते. हलत्या भागांची किंमत मात्र दरवर्षी मोजावी लागते: बिजागऱ्यांत धूळ बसते, काही पट्ट्या अडकतात, आणि त्या वेळीच सोडवल्या नाहीत तर मग कुणीच त्या हलवत नाही.

चावी कुणाकडे

रात्री गारवा साठवण्याची सगळी योजना एका माणसावर चालते. खिडक्या संध्याकाळी ६ ला उघडल्या तर एप्रिलमध्ये बाहेरची ३८ अंशांची हवा आत येते आणि भिंती आणखी तापतात. उघडायची वेळ घड्याळावर ठरवू नये. प्रत्येक स्टुडिओच्या दाराशी दोन साधे थर्मामीटर लावावेत, एक आतला आणि एक बाहेर सावलीतला. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा दोन अंशांनी खाली गेला की झरोक्याच्या झडपा आणि खालच्या जाळीच्या खिडक्या उघडायच्या, आणि सकाळी साडेसात-आठला बंद करायच्या. रात्री उघड्या राहणाऱ्या खिडक्यांना चोराच्या भीतीने कुलूप पडू नये म्हणून त्यांना गज आणि कबुतरांसाठी जाळी बांधकामाच्या अंदाजपत्रकातच धरावी. वरच्या झडपांना खालून फिरवायची साखळी हवी. शिडी लावून उघडावी लागणारी झडप पहिल्या आठवड्यानंतर बंदच राहते.